धुराडं उघडं ठेवा

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, मालाडला मार्वेच्या बाजूला गावठाणात आमचं जुनं बैठं घर आहे, पुढे अंगण. दोन वर्षं व्हिडिओ बघून बघून अखेर मे महिन्यात एका फॅब्रिकेटरकडून लाकडावर चालणारा ऑफसेट स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायचं भांडं, बनवून घेतला. वीस इंची पाइप, सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा, एका बाजूला फायरबॉक्स, म्हणजे जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, खाली चाकं. गटारीला पहिल्यांदा कोंबडी लावली. काळी कुळकुळीत आणि कडू झाली, खाल्ल्यावर जीभ बधिर. दसरा झाल्यावर वसईच्या मित्राने पोर्कचा अडीच किलोचा खांदा आणून दिला. सकाळी नऊला लावला. बारापर्यंत सगळं बरं होतं. साडेबारानंतर तापमानाचा काटा ११० अंशांवरून १७० ला गेला. झडपा बंद केल्या तर पार ८० वर आला. त्यात मांसाचं आतलं तापमान ६८ वर जे अडकलं ते तीन तास हलेना. पाच वाजता पाहुणे आले. आईने काही न बोलता खांदा कापला आणि कुकरला लावला, पाच शिट्ट्या. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको म्हणते भंगारात घाला. शेजारच्या काकू म्हणतात, वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो. ३१ डिसेंबरला ऑफिसातले बाराजण जेवायला येणार, मी कबूल करून बसलोय. दोष माझा की भांड्याचा? ता.क. लाकूड किती मागवू?"
– धुरकटलेला, मालाड

प्रिय धुरकटलेला,

आईंनी केलं ते बरोबरच केलं. पाहुणे उपाशी गेले नाहीत आणि अडीच किलो मांस वाया गेलं नाही. कुकर आणि तुमचा स्मोकर या बाबतीत एकच काम करतात, ते पुढे सांगते. भांडं भंगारात घालू नका. सहा मिलिमीटरचा पत्रा घेतलात म्हणजे पैसे योग्य ठिकाणी गेले. पातळ पत्र्याच्या स्मोकरवर मी दोन हिवाळे काढलेत. ढग आला तरी त्याचा काटा खाली यायचा.

दोष बहुतांशी तुमचा. पण तो मांस शिजवण्यातला नाही. तुम्हाला अजून जाळ राखता येत नाही, एवढंच. गॅसवर वाढलेल्या आपल्या पिढीला तो यायचा तरी कुठून?

आईंना विचारा, त्यांच्या माहेरच्या चुलीला वैल होता का. बहुतेक असणार. चुलीच्या मुख्य तोंडात लाकडं, वर भाकरीचा तवा. बाजूच्या वैलाला स्वतःचं जळण नसतं. चुलीतली धग आतल्या भोकातून तिकडे वळते आणि वैलावर ठेवलेलं कालवण तासभर आपल्या गतीने रटरटत राहतं. तुमचा स्मोकर म्हणजे आडवा पाडलेला, झाकण लावलेला, लांबलचक वैल. जाळ एका खोलीत, मांस दुसऱ्या खोलीत, मधून धग आणि धूर वाहतो आणि धुराड्यातून बाहेर पडतो. मध्य टेक्सासात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटीक उरलेलं मांस धुरावर भाजून विकू लागले, तेव्हाच्या भट्ट्या विटांच्या होत्या. पुढे त्याच मुलखात तेलविहिरी आल्या, जाड पाइपचे तुकडे आणि वेल्डर दोन्ही मुबलक झाले आणि हे लोखंडी नळकांडं जन्माला आलं. पण युक्ती तीच, वैलाची.

कुणी तुम्हाला सांगेल की आपली पोपटी म्हणजे देशी स्मोकरच. मी अलिबागकडची, पोपटी खातच मोठी झाले, म्हणून सांगते, तसं नाही. पोपटीत मडक्याचं तोंड भांबुर्डीच्या पाल्याने गच्च बुजवून मडकं उपडं घालतात, जाळ बाहेरून. आत शिजतं ते वालाच्या शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर. धूर आत गेला तर पोपटी फसली असं म्हणतात. तुमच्याकडे उलटं आहे, धूर मांसावरूनच जायचा आहे. म्हणून तो धूर कसला आहे यावर सगळं अवलंबून.

आता तुमची कोंबडी. जीभ बधिर झाली म्हणालात ना, ती मसाल्याने नव्हे. लाकडाला पुरेशी हवा मिळाली नाही की ते जळत नाही, नुसतं धुमसतं. त्यातून निघणारा दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या लाकडाची वाफ, त्यात डांबरासारखे पदार्थ असतात. ते गार मांसावर चिकटून बसतात. वरून चकचकीत काळं, चवीला कडू, जिभेला मुंग्या. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. पहिल्याच वर्षी नणंदेच्या अंगणात दोन कोंबड्या लावल्या, लाकूड वाचवावं म्हणून सगळ्या झडपा जवळजवळ बंद केल्या आणि आत जाऊन दुपारची झोप काढली. उठले तेव्हा दोन्ही कोंबड्या नव्याने पॉलिश केलेल्या बुटांसारख्या चमकत होत्या. नणंदेच्या कुत्र्यानेही वास घेतला आणि निघून गेला.

हवा आहे तो धूर जवळजवळ दिसतच नाही. धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरते आणि उन्हात बघितलं तर फिकट निळसर रेघ जाणवते, बस्स. व्हिडिओत पांढरे ढग सुंदर दिसतात, म्हणून सगळ्यांना वाटतं धूर जितका जास्त तितकी चव जास्त. लाकूड सुरुवातीला पेट घेताना दोन-पाच मिनिटं पांढरा धूर येणारच, त्याचं काही नाही. तो दहा मिनिटांनंतरही येत राहिला तर जाळ गुदमरतोय.

म्हणून पहिला नियम: धुराड्याची झडप पूर्ण उघडी. नेहमी. तिला वेल्डिंग करून उघडी ठेवली तरी माझी हरकत नाही. तापमान कमी करायचं असेल तर हवा तोडू नका, जाळ लहान करा. लहान पण जिवंत जाळ, खाली निखाऱ्यांची गादी, वर एक किंवा दोनच फोडलेली लाकडं, ज्वाळा दिसतेय, असं फायरबॉक्सचं चित्र कायम हवं. तुम्ही काटा १७० ला गेल्यावर झडपा बंद केल्यात, म्हणजे भरलेल्या फायरबॉक्सचा गळा दाबलात. काटा खाली आला खरा, पण पोर्क त्या वेळी गटारीच्या कोंबडीसारखंच धुरात कोंडलं होतं. पुढच्या वेळी १७० झालं तर फायरबॉक्सचं दार उघडा, एक जळतं लाकूड चिमट्याने बाहेर काढून वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि वाट बघा. चिमटा लांब हवा. हातमोजे सुती नकोत, वेल्डर वापरतात ते चामड्याचे घ्या.

पण १७० झालंच का? तुमच्या पत्रातली मला सगळ्यात कामाची वाटलेली ओळ हीच: बारापर्यंत बरं, साडेबारानंतर बिघडलं. तुम्ही समुद्राकाठी राहता. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे तुमच्याकडे पूर्वेकडून. ऊन तापलं की उलटं, समुद्राकडून खारा वारा सुटतो, पश्चिमेकडून, आणि मुंबईत हा पालट पावसाळा सोडला तर साधारण दुपारच्या सुमारालाच होतो. माझी पैज आहे की तुमच्या फायरबॉक्सचं दार पश्चिमेला आहे. साडेबाराला कुणीतरी फुंकणी घेऊन तुमच्या जाळासमोर बसलं आणि फुंकतच राहिलं. ते कुणीतरी म्हणजे अरबी समुद्र.

उपाय सोपा आहे, चाकं आहेतच. स्मोकर असा फिरवा की हवेचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला येईल. तेही जमलं नाही तर पश्चिमेला दीड-दोन फुटांवर एक पत्रा उभा करा, अंगाला चिकटवून नव्हे. आणि साडेअकरालाच एक लाकूड कमी घाला. वारा फिरेपर्यंत जाळ थोडा अशक्तच असू द्या.

त्या काट्याबद्दलही बोलू. झाकणावर बसवलेला काटा झाकणापाशी काय चाललंय ते सांगतो. मांस खाली जाळीवर आहे. दोन्हींत वीस-तीस अंशांचा फरक पडणं काही विशेष नाही. जाळीच्या उंचीवर ठेवता येईल असा तारेचा थर्मामीटर घ्या, आणि एक टोचायचा. दोन्ही आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपण समुद्रसपाटीला आहोत, १०० दाखवायलाच हवेत. आणि ११० म्हणजे ११०च असा हट्ट सोडा. व्हिडिओतले लोक २२५ ते २७५ फॅरेनहाइट म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे साधारण १०७ ते १३५. त्या पट्ट्यात काटा वरखाली होणार, लाकूड घातलं की चढणार, जळत आलं की उतरणार. मी १२५ च्या आसपास ठेवते. या आकाराच्या भांड्यात त्याहून खाली गेलं की जाळ इतका लहान करावा लागतो की तो धुमसायला लागतो.

भांड्याबद्दल माझे दोन प्रश्न. पाइप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, तर नाही ना? किंवा जुनी पाइप असेल तर आधी तिच्यातून काय वाहत होतं? जस्त तापलं की त्याचा धूर अंगावर येतो, वेल्डरांना त्याचा ताप चढतो. फॅब्रिकेटरला स्पष्ट विचारा. साधं काळं लोखंड असेल आणि आतून रंग नसेल तर काळजी नाही. आतून तेलाचा हात फिरवून, मांस न ठेवता, तीन तास चांगला जाळ करून घेतला होता का? नसेल तर आता घ्या. बिडाच्या तव्याला आपण तेल देऊन तापवतो तसंच हे.

लाकूड. गटारीला तुम्ही पावसात लाकूड जाळलंत, तिथेच खेळ संपला होता. आषाढातल्या मुंबईच्या हवेत सुकं लाकूडही पाणी पितं. ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली हवा. ओळखायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा, टणक खणखणीत आवाज आला पाहिजे, ठप्प नको. टोकांना चिरा गेलेल्या दिसल्या पाहिजेत. साल हाताने सुटत असेल तर उत्तम. वखारवाल्याला 'सुकं आहे का' असं विचारू नका, तो 'हो'च म्हणणार. दोन तुकडे उचला आणि आपटून बघा. आणि हो, लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरून जा, त्याने फक्त वाफ आणि पांढरा धूर मिळतो.

टेक्सासवाले ओकच्या एका जातीचं लाकूड जाळतात, आपल्याकडे ते नाही आणि त्याची हळहळही नको. बाभूळ जड, हळू जळते, निखारे भरपूर देते. पाया तिचा ठेवा. वासासाठी पेरू, जांभूळ, चिकू, जे मिळेल ते. डहाणू-घोलवडकडे चिकूच्या बागा आहेत, छाटणीची लाकडं मिळाली तर माझ्यासाठीही आणा. आंबा हलका असतो, भराभर जळतो, सुरुवातीचा जाळ धरायला बरा. सागाचे जुने दरवाजे, प्लायवूड, रंगवलेलं काहीही, बंदरातून येणारी पॅकिंगची फळकुटं, यातलं काही नको. फळकुटावर 'एमबी' असा शिक्का असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. शिक्का नसेल तरी ते बहुतेक पाइनचं, म्हणजे राळेचं लाकूड, काजळीच काजळी. तुमच्या बाजूला खाडी आहे म्हणून मुद्दाम सांगते, तिवराची सरपणाची मोळी कुणी स्वस्तात आणून दिली तर घेऊ नका. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे. अंगणातलं झाड असलं तरी ते तोडायला पालिकेची परवानगी लागते.

तुकडे मनगटाएवढे जाड, वीतभराहून थोडे लांब. वखारीतले ओंडके तसेच घालू नका, फोडून घ्या. पुढचं लाकूड फायरबॉक्सच्या टपावर तापत ठेवायचं, मग आत घातल्याबरोबर ते भडकन पेटतं, धुमसत नाही. दर अर्ध्या तासाला एक. घातल्यावर दार मिनिटभर उघडं ठेवा, ज्वाळा धरली की लावा. एवढंच काम आहे, पण ते दर अर्ध्या तासाला आहे. त्या दिवशी मोबाइलवर क्रिकेट बघता येणार नाही.

आता ६८ अंशांचं कोडं. तुम्हाला वाटलं स्मोकर बंद पडला. तो बंद पडला नव्हता, मांसाला घाम आला होता. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपणारं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. मोठ्या तुकड्याचंही तेच. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी पृष्ठभागावरून इतकं पाणी उडत असतं की जेवढी धग आत जाते तेवढी बाहेर निघते. काटा दोन तास, तीन तास, कधी चार तास जागचा हलत नाही. सगळ्यांचं असंच होतं, आणि प्रत्येकजण पहिल्यांदा घाबरून लाकूड कोंबतो. तुम्हीही कोंबलंत, पत्रात ते लिहिलं नाहीत इतकंच. नाहीतर १७० पर्यंत जायला एकट्या खाऱ्या वाऱ्याला जड गेलं असतं.

इथे दोन रस्ते आहेत. एक, स्वस्थ बसणं. दुसरा, बाहेरचा रंग मनासारखा तांबूस-काळा झाला की मांस गुंडाळणं, म्हणजे घाम उडायला जागा राहत नाही. तिकडे जाड खाकी कागदात गुंडाळतात. आपल्याकडे फॉइल चालेल, पण माझं मत विचाराल तर केळीचं पान. विस्तवावरून फिरवून मऊ करायचं, दोन थर, वर फॉइलचा एक पदर. वर्तमानपत्र मात्र नको, शाई मांसाला लागते.

आणि मग ते आतून ९० ते ९५ होईपर्यंत शिजू द्यायचं. इथेच तुमची खरी गल्लत झाली आहे. ६८ ला पोर्क खाण्याजोगं असतं, पण खांदा मऊ नसतो. खांदा हा चालणाऱ्या जनावराचा काम करणारा भाग, त्याच्या स्नायूंना कोलॅजेनच्या चिवट जाळीने बांधलेलं असतं. ती जाळी ७० च्या पुढे सावकाश विरघळते आणि जिलेटिन होते. पायाचं सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थलथलीत घट्ट होतं, तेच ते. आईंच्या कुकरने दाबाखाली १२० अंशांच्या आसपास नेऊन पाऊण तासात जे केलं, ते स्मोकर आठ-नऊ तासांत करतो. काट्यापेक्षा सळईवर भरवसा ठेवा: बारीक सळई टोचली आणि ती मऊ लोण्यात गेल्यासारखी विनातक्रार आत गेली, की झालं. कुठे अडली तर परत झाकण लावा.

झाकणावरून आठवलं. आपल्याला दर दहा मिनिटांनी झाकण उघडून ढवळायची सवय असते. इथे ढवळायला काही नाही. पहिले तीन तास उघडूच नका.

पुढे काय लावायचं? त्या व्हिडिओंतल्या ब्रिस्केटच्या, म्हणजे गोमांसाच्या छातीच्या तुकड्याच्या, मागे लागू नका. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, म्हशीचं मांस मिळतं, पण त्याच्या छातीच्या तुकड्यात ती चरबीची नक्षी नसते जिच्या जोरावर तिकडचा तुकडा बारा-चौदा तास टिकतो. बोकडाचं मटणही कोवळं आणि कमी चरबीचं, रान, म्हणजे मागची तंगडी, लावली तर कोरडी पडायची भीती. बोकड लावायचाच असेल तर फरा घ्या, म्हणजे पुढचा खांदा, वर चरबी ठेवूनच, आणि ६५ च्या आसपास लवकर गुंडाळा. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारं मांस एकच, पोर्कचा खांदा. तुमचा वसईकर मित्र टिकवून ठेवा.

पण त्याच्या आधी नुसता जाळ. पुढच्या रविवारी मांस आणूच नका. तीन तास १२० ते १३५ च्या मध्ये काटा ठेवून दाखवा, स्वतःला. लादीपावाचे तुकडे करून सबंध जाळीभर मांडा. अर्ध्या तासाने कुठले करपले, कुठले पांढरे राहिले त्यावरून भांड्यातल्या गरम जागा कळतील. फायरबॉक्सकडच्या टोकाचा पाव काळा होईल, तिथे मांस कधी ठेवायचं नाही. उरल्या निखाऱ्यांत रताळी पुरा, बायकोला खाऊ घाला, भंगाराचा विषय आठवडाभर मागे पडेल. त्यानंतरच्या रविवारी कोंबडी, सव्वा किलोची, जरा मोठ्या जाळावर, १४५-१५० ला, नाहीतर कातडी रबरासारखी होते. दोनेक तासांत व्हावी. छातीत ७४ अंश दिसल्याशिवाय काढायची नाही, मांडीत ८० झाले तरी उत्तम. त्याच्या पुढच्या रविवारी पोर्क. गटारीला तुम्ही परीक्षेलाच थेट बसलात, म्हणून हे तीन रविवार.

मसाल्याचं थोडक्यात. ओलं वाटण नको, कांदा-खोबरं आठ तासांत करपतं. किलोला पंधरा ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून मांस फ्रिजमध्ये, उघडं. सकाळी भरपूर जाडसर मिरी. मित्राच्या घरचा बाटली मसाला मिळाला तर चमचाभर घाला, त्याहून जास्त नको, मिरची दिवसभराच्या धगीत कडवट होते. बाकीचा मसाला कापल्यावर वरून भुरभुरवा.

काकूंचं गाऱ्हाणं मी हलक्यात घेणार नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तुमचं अंगण म्हणजे बेकरी नव्हे, पण ज्या शहरात पावाच्या भट्ट्या विझताहेत तिथे हौसेचा धूर शेजाऱ्यांनी का सोसावा, हा प्रश्न काकू विचारू शकतात. हिवाळ्यात पहाटे हवा जड असते, धूर वर जात नाही, गल्लीत बसून राहतो. म्हणून आठ-साडेआठच्या आत पेटवू नका. पेटवायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा, 'काकू, उद्या कपडे मागच्या दारी घाला'. सरावाचे हे तीन रविवार सोडले तर महिन्यातून एकदाच करा. त्यांच्याकडे कुणाला दमा असेल तर त्या बाजूला वारा जाणार असेल त्या दिवशी करूच नका. जाळ नीट असेल तर वास खूप कमी होतो, तेव्हा तीन रविवार झाले की त्या स्वतःच सांगतील किती फरक पडला. त्या मांस खात असतील तर पहिली ताटली त्यांच्याकडे. आणि कुणी मित्र 'मीही बाल्कनीत करतो' म्हणाला तर त्याला अडवा. बंदिस्त जागेत लाकडाच्या जाळातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो.

३१ तारखेचं गणित असं धरा. हाडासकट खांद्याचं वजन शिजून चाळीसेक टक्के घटतं, म्हणून बाराजणांना अडीच-अडीच किलोचे दोन खांदे, आणि पोर्क न खाणाऱ्यांसाठी दोन कोंबड्या. दोन खांद्यांना दुप्पट वेळ लागत नाही, शेजारी-शेजारी ठेवले तर एकाचाच वेळ. साडेआठला जाळ, साडेनऊला खांदे आत, साडेअकराला एक लाकूड कमी, दोन-अडीचच्या सुमाराला गुंडाळायचे, सहा-साडेसहाला सळई. मासळीचा आइसबॉक्स असेल तर तो स्वच्छ घासून, बर्फाशिवाय, त्यात गुंडाळलेले खांदे टॉवेलमध्ये ठेवा. दोन तास सहज गरम राहतात. मोकळ्या झालेल्या जाळीवर जाळ वाढवून कोंबड्या. जेवण साडेआठला. आतलं तापमान ६० च्या खाली उतरू देऊ नका, आणि ताटात वाढलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, डिसेंबर असला तरी ही मुंबई आहे. उशीर होतोय असं चार वाजता वाटलं तर गुंडाळलेले खांदे घरच्या ओव्हनमध्ये १३० ला ढकला. धुराचं काम तोवर झालेलं असतं, गुंडाळल्यावर धग कुठून येते ते मांसाला कळत नाही. ओव्हन नसेल तर कुकर आहेच, आणि तो कसा लावायचा ते आईंना ठाऊक आहे.

त्या दिवशी आईंची खुर्ची फायरबॉक्सपाशी टाका. जाळाच्या आवाजावरून लाकूड कधी घालायचं हे त्यांना तुमच्या थर्मामीटरच्या आधी कळेल.

लाकूड: तासाला दीड ते दोन किलो धरा. बारा तास, वर पेटवणाची ढलपी, वर चुकांचं. पस्तीस किलो पुरेल, त्यातलं वीस बाभूळ. नोव्हेंबर संपायच्या आत आणा, पत्र्याखाली, जमिनीपासून विटांवर उचलून, हवा खेळेल असं रचा. ताडपत्री गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरते.

– ताई